चढ, सायकल आणि दातांचा हिशेब

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि तलवारी उभ्या राहतात. या व्याख्यानमालेत तशी व्याख्याने होत आली आहेत आणि ती व्हावयासच हवीत. परंतु माणसाने हाती धरलेल्या आणि पायाखाली घातलेल्या अवजारांनाही इतिहास असतो. कोणाच्या सोयीने काय घडले, हे त्या इतिहासात तलवारीच्या इतिहासापेक्षा कधी कधी अधिक उघड दिसते. आज मी अशाच एका अवजाराच्या एका लहानशा अंगाविषयी बोलणार आहे. ते अवजार म्हणजे सायकल, आणि ते अंग म्हणजे तिचा खालचा गिअर. जो चढावर लागतो तो.

हा विषय यवतमाळात बोलण्यासारखाच आहे. आपले शहर सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर बसले आहे. उत्तरेला धामणगावच्या रस्त्याने निघालात की करळगावचा घाट, आणि दक्षिणेला आर्णीच्या पुढे गेलात की कोसदनीचा घाट. सह्याद्रीच्या घाटांपुढे हे घाट म्हणजे लहान लेकरे. मोटारीत बसलेल्याला ते जाणवतही नाहीत. पण सायकलीवर मागे कडब्याची पेंढी, दुधाच्या कॅना किंवा घरातले माणूस बसवून जो निघाला आहे, त्याला त्यांची उंची पायाच्या पोटऱ्यांत मोजावी लागते.

जिनिंग-प्रेसिंगमधल्या कामगारांच्या संघटनेचे काम करताना मी या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे सायकल चालवली. खरे सांगायचे तर अर्धी चालवली आणि अर्धी ढकलली. आमच्यात एक समजूत होती, की चढावर जो आधी उतरतो तो आधी म्हातारा झाला. त्यामुळे तरणी पोरे दात-ओठ खात, हँडल ओढत, उभ्याने पायडल मारीत शेवटपर्यंत चढत आणि वर पोचल्यावर झाडाखाली बसून धापा टाकीत. उतरून ढकलणारा मान खाली घालून चाले. ही लाज कोठून आली, आणि ती खरोखर त्या माणसाची होती काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला प्रथम सुचले ते एका मिस्त्रीच्या दुकानात. १९९१-९२ च्या सुमारास मी पंक्चर काढावयास बसलो असता भंगाराच्या डब्यात एक जाडजूड हब दिसला. हब म्हणजे सायकलीच्या चाकाचा मधला भाग. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा सायकलीला हब. साध्या हबाच्या दुप्पट जाडीचा तो नळकांडा होता. त्याच्यावर इंग्रजीत ‘स्टर्मी-आर्चर’ ही अक्षरे आणि ‘५४’ हा आकडा कोरलेला होता. मिस्त्री म्हणाला, ‘‘भाऊ, हा तीन गिअरचा हब आहे. एका जुन्या डॉक्टरसाहेबांच्या सायकलीतून निघाला.’’ त्या कारखान्याच्या हबांवर वर्षाचा आकडा उठवीत असत, हे मला पुढे कळले; म्हणजे तो १९५४ चा होता. डॉक्टरसाहेब त्या सायकलीवरून शहरातल्या सपाट रस्त्याने दवाखान्यात जात. आणि त्याच वर्षांत घाटातून ओझे वाहणाऱ्या माणसाच्या सायकलीला एकच गिअर होता. ज्याला गरज नव्हती त्याच्याकडे तीन, आणि ज्याला गरज होती त्याच्याकडे एक. हे असे का झाले, याचा शोध घेताना मला थोडा इतिहास आणि थोडे गणित शिकावे लागले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम गिअर म्हणजे काय ते पाहू. सायकलीच्या बाल्यावस्थेत तिला साखळी नव्हती. पुढच्या प्रचंड चाकालाच पायडल जोडलेले असे. पायडल एकदा फिरले की चाक एकदा फिरे. वेग हवा तर चाक मोठे हवे. पण चाक किती मोठे, याला मर्यादा स्वाराच्या टांगेची. साठ इंचांच्या आसपास ती संपे. १८८५ साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल काढली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे. तीन वर्षांनी, १८८८ साली, डनलॉपने हवेची धाव आणली. आजची आपली सायकल ती हीच.

साखळीने एक मोठी गोष्ट केली. चाकाचा आकार आणि पायडलाचा फेरा यांची गाठ तिने सोडवली. पुढच्या दातेरी चाकाला, म्हणजे चेनव्हीलला, किती दात आणि मागच्या फ्रीव्हीलला किती दात, यावर आता सारे ठरू लागले. तरी मोजण्याची भाषा जुनीच राहिली. आजही सायकलीचा गिअर इंचांत सांगतात, तो त्या जुन्या मोठ्या चाकाच्या व्यासाच्या हिशेबाने. रीत सोपी आहे : मागच्या चाकाचा व्यास इंचांत घ्यावा, त्याला पुढच्या दातांनी गुणावे आणि मागच्या दातांनी भागावे. आमच्या काळ्या, दणकट सायकलीचे चाक २८ इंचांचे. माझ्या सायकलीचे दात मी मोजले, तेव्हा पुढे ४८ आणि मागे १८ भरले. अठ्ठावीस गुणिले अठ्ठेचाळीस भागिले अठरा, म्हणजे जवळजवळ ७५ इंच. याचा अर्थ असा, की घाट चढताना मी जणू ७५ इंच व्यासाच्या चाकावर बसून पाय मारीत होतो. एवढ्या मोठ्या चाकावर त्या जुन्या काळचा कोणताही धिप्पाड इंग्रज बसू शकला नसता. त्याचे पाय पोचले नसते. साखळीच्या आड ते चाक लपले, म्हणून आपल्याला ते दिसत नाही एवढेच.

आता त्या चाकाने पायावर किती भार पडतो ते पाहा. स्वार ६० किलोचा, सायकल २० किलोची आणि ओझे ४० किलोचे धरा, एकूण १२०. वीस फुटांत एक फूट असा चढ धरा. वर ओढण्यास ६ किलो आणि रस्त्याच्या घर्षणाला सुमारे १ किलो, असे ७ किलोचे बळ सतत लागते. ७५ इंचांच्या गिअरात पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. आणि पाय स्वतः फिरतो तो केवळ एक मीटरभर. म्हणजे पायावरचे बळ सरासरी सहापट, चाळीस किलोंच्या घरात. पण पाय वर आणि खाली असताना जोर लागत नाही. तो मधल्या भागातच लावावा लागतो. तेव्हा तो साठ किलोंच्याही वर जातो. माणसाचे सारे वजनच साठ किलो! म्हणून तो सीटवरून उठतो, हँडल ओढून आणखी भार टाकतो आणि अखेर उतरतो. तो म्हातारा झाला म्हणून उतरत नाही. हिशेबच जमत नाही म्हणून उतरतो.

हा हिशेब युरोपातल्या कारागिरांना फार लवकर कळला होता. त्यातली एक वाट इंग्लंडात निघाली. विल्यम रायली नावाच्या कारागिराने प्रथम दोन गिअरचा आणि नंतर तीन गिअरचा हब रचला. पण पुढच्या शोधांचे हक्क त्याने आधीच्या कंपनीला बांधून दिले होते. म्हणून तीन गिअरच्या हबाचे पेटंट त्याच्या सहकाऱ्याच्या, जेम्स आर्चरच्या, नावाने घेतले गेले. त्याच सुमारास हेन्री स्टर्मी नावाच्या पत्रकारानेही असाच हब योजला होता. नॉटिंगहॅमच्या रॅली कंपनीचे मालक फ्रँक बोडेन यांनी हे हक्क मिळवले आणि १९०२-०३ मध्ये तो हब बाजारात आला. त्यावर नाव पडले स्टर्मीचे आणि आर्चरचे. रायलीचे नाव कुठेच नाही. कामगार-चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या गोष्टीचे आश्चर्य वाटत नाही. नोंद मात्र घ्यावीशी वाटते.

त्या हबाची युक्ती अशी. मध्यभागी आसावर पक्के बसवलेले एक लहान दातेरी चाक. त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी लहान चाके; ते ग्रह. आणि या सर्वांना बाहेरून वेढणारे, आतून दात असलेले एक कडे. पुढे १९३६ साली निघालेल्या आणि जगभर गेलेल्या ‘एडब्ल्यू’ नावाच्या हबात सूर्याला २० दात, ग्रहाला २० आणि कड्याला ६० दात असतात. साखळीचा जोर ग्रहांच्या चौकटीला देऊन कड्याने चाक फिरवले, तर चाक एकाला सव्वाच्या थोडे वर, म्हणजे एकाला चार तृतीयांश फिरते. उलट केले, जोर कड्याला देऊन चौकटीने चाक फिरवले, तर ते पाऊणपटच फिरते. आणि दोन्ही जखडले तर एकास एक. पाऊण, एक आणि एक-तृतीयांशाने जास्त : हे तीन गिअर. सगळी यंत्रणा नळकांड्याच्या आत, तेलात. धूळ, पाऊस, चिखल बाहेर. आपल्या काळ्या मातीच्या मुलखाला यापेक्षा सोयीची रचना शोधून सापडली नसती.

दुसरी वाट फ्रान्समध्ये निघाली, आणि तिथे वादही पेटला. सेंट-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ (१८५३-१९३०) ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलीविषयीचे मासिक चालवीत. डोंगराळ मुलखातला हा माणूस. सायकलीला अनेक गिअर हवेत, चढावर खालचा गिअर लावून सीटवर शांत बसून चढावे, असा त्यांचा आग्रह. त्यांच्या विरुद्ध बाजूला आंरी देग्रांज, ज्यांनी १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत सुरू केली. बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत. मर्दाने एकाच गिअरावर, स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशी त्यांची मांडणी होती. १९१० साली ती शर्यत प्रथम पिरिनीज पर्वतातून नेली, तेव्हा भल्याभल्या स्वारांना उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. तरी साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत वापरू दिले गेले नाहीत. चौतीस वर्षे! माझे वय आता पंचेचाळीसच्या बरेच पुढे गेले आहे. तेव्हा देग्रांजसाहेबांच्या फर्मानाप्रमाणे मला खालच्या गिअरची परवानगी आहे. पण घाटात दूध घेऊन चढणारा वीस वर्षांचा पोरगा त्यांच्या फर्मानात बसत नाही.

इथे मला थोडे थांबून एक भेद करावयाचा आहे. पराक्रम वेगळा आणि रोजचे काम वेगळे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १८ मार्च १९२८ ला परतले. सुमारे ४४,००० मैलांचा हा प्रवास. त्यांच्यापुढे मान लववावी. परंतु पराक्रमाच्या मापाने रोजच्या वाहनाचे माप ठरवू नये. जो आयुष्यात एकदा वाळवंट ओलांडतो त्याचे कौतुक करावे. जो रोज सकाळी घाट चढतो त्याचे कष्ट कमी करावेत. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आजच्या त्या राजाच्या सायकलीलाही डझनावारी गिअर असतात, आणि त्यात त्याला कोणी कमीपणा मानीत नाही.

त्याच बोरघाटाचे आणखी एक उदाहरण. १८६३ साली तिथून रेल्वे वर गेली. ३७ फुटांत एक फूट असा चढ. आजही गाडी घाटात शिरण्यापूर्वी कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. गाडी दुबळी झाली असे कोणी म्हणत नाही. चढ आहे, म्हणून इंजिन लावले, इतके ते सरळ आहे. आपला गाडीवानही जड गाडी चढावर नेताना पुढे दुसरी जोडी जुंपतो. इंजिनाला साह्य, बैलाला साह्य. मग माणसालाच तेवढी लाज का?

आता आपल्या देशाकडे वळू. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे सायकलीचे मोठे कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. आसनसोलजवळ रॅली कंपनीशी करार करून सेन-रॅली उभी राहिली. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, १९५१ साली सोनीपतला ॲटलस, १९५६ साली लुधियान्यात हीरो. या कारखान्यांनी सायकल साहेबाच्या आणि सावकाराच्या अंगणातून काढून मजुराच्या दारात आणली. हे काम लहान नव्हे आणि त्याचे श्रेय तिथल्या कामगारांनाही आहे. परंतु सायकलीचा नमुना इंग्लंडातला राहिला. इंग्रज कारकून सपाट, डांबरी रस्त्याने कचेरीत जाई. त्याच्या मागे ओझे नसे. त्याला पंचाहत्तर इंचांचा गिअर चाले. तोच नमुना, तेच साचे, तेच दात आपल्याकडे आले. आणि त्यावर बसला तो दोन पोती घेऊन निघालेला माणूस.

तीन गिअरचा हब सर्वांना का मिळाला नाही, याची कारणेही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजेत. तो महाग होता. त्याला तार लागते, ती ताणावी लागते, वेळच्या वेळी तेल घालावे लागते. खेड्यातला मिस्त्री फ्रीव्हील खोलून छर्रे बदलू शकतो. हबातले ग्रह-सूर्य त्याला अपरिचित. बिघडला तर सुटा भाग मिळत नाही. एका गिअरची सायकल कुठेही, कोणीही, पाना आणि हातोडीने दुरुस्त करतो, आणि गरिबाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. म्हणून एकच गिअर असण्याला मी अन्याय म्हणत नाही. पण एकच द्यावयाचा होता, तर तो पंचाहत्तरचाच का? पंचावन्न-साठचा का नाही? दात कमी-जास्त करण्याला कारखान्याला अधिक पोलाद लागत नव्हते. मला वाटते याचे कारण एवढेच, की ओझे वाहणाऱ्याला कोणी विचारले नाही.

अमेरिकेत टेलर नावाचा एक इंजिनिअर होऊन गेला. कामगाराकडून अधिकाधिक काम कसे काढावे याचे शास्त्र त्याने रचले. त्याच्याविषयी आमच्या चळवळीत प्रेम असण्याचे कारण नाही. पण बेथलेहेमच्या पोलाद-कारखान्यात त्यानेही एक गोष्ट ताडली, की एकच फावडे सर्व मालाला चालत नाही. खनिज जड, कोळसा हलका. फावड्यात साडेएकवीस पौंड येतील अशी वेगवेगळ्या मापाची फावडी दिली तरच माणूस दिवसभर टिकतो. जे मालकाच्या माणसाला कळले, ते आपण सायकलस्वारांनी स्वतःसाठी का कळून घेऊ नये?

तेव्हा आता कामाचा भाग. गिअर कसा निवडावा?

पहिला नियम : निवड खालून करावी, वरून नव्हे. हबाच्या आतले प्रमाण कारखान्याने कायमचे ठरवलेले असते. ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती पुढचे आणि मागचे दात. त्यांनी सगळे गिअर एकदमच वर किंवा खाली सरकतात. दुकानदार वरचा गिअर दाखवून सायकल विकतो, कारण वेग ऐकायला बरा वाटतो. आपण मात्र विचारावे, माझ्या वाटेवरचा सर्वांत वाईट चढ कोणता आणि त्या दिवशी माझे ओझे किती? तिथे जो गिअर लागेल तो आधी ठरवावा. वरचा जो पडेल तो पडेल. उतारावर पाय मारण्याची गरज कोणाला आहे? तिथे फ्रीव्हीलचा आवाज ऐकत बसावे.

डॉक्टरसाहेबांच्या हबाचे उदाहरण घ्या. ४८ आणि १८ दातांवर तो हब बसवला तर तीन गिअर ५६, ७५ आणि १०० इंचांचे होतात. शंभर इंचांचा गिअर ओझ्याच्या माणसाला जन्मात लागणार नाही. म्हणजे तीनांतला एक फुकट गेला. त्या काळच्या इंग्रजी सायकलींना बहुधा याच सुमाराचे दात असत. आता तोच हब पुढे ४४ आणि मागे २२ दातांवर बसवा. मधला गिअर ५६, खालचा ४२ आणि वरचा बरोबर ७५. म्हणजे साध्या सायकलीचा जो एकुलता गिअर, तो इथे सर्वांत वरचा झाला. हातचे काही गेले नाही आणि खाली दोन पायऱ्या नव्या मिळाल्या. वाट अधिक चढाची असेल तर पुढे ४० घ्या. मग ३८, ५१ आणि ६८. मघाच्या हिशेबात ३८ इंचांवर पायाचा भार जवळजवळ निम्मा होतो. तोच माणूस, तेच ओझे, तोच घाट. बदलले ते केवळ दात.

दुसरा नियम : खालच्या टोकालाही मर्यादा आहे, पण ती लाजेची नव्हे, तोलाची आहे. ताशी पाच-सहा किलोमीटरांच्या खाली दोन चाकांवर तोल सांभाळणे कठीण होते. तिथे पायी चालणेच बरे. त्या वेगाने मिनिटाला पन्नास फेरे पाय फिरवायचा, तर गिअर बावीस-पंचवीस इंचांच्या आसपास येतो. सामानसुमान घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी खालचा गिअर याच भागात ठेवावा. तीन गिअरच्या हबाची सर्व व्याप्ती पावणेदोन पटीहून किंचित अधिक. खाली चोवीस घेतले तर वर बेचाळीस-त्रेचाळीसच मिळतात आणि सपाटीवर पाय नुसता भिरभिरतो. म्हणून प्रवाशाला अधिक गिअरचा हब लागतो. आज जपानी आठ गिअरच्या हबाची व्याप्ती सुमारे तिप्पट आहे. जर्मनीत रोलोफ यांनी १९९८ साली चौदा गिअरचा हब काढला, त्याची व्याप्ती सव्वापाच पट. त्याची किंमत मात्र आपल्या जिनातल्या कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी आहे, हेही सांगितले पाहिजे.

तिसरा नियम : हबाचा जीव पाहावा. पुढचे चाक लहान केले की त्याच पायाच्या जोराने साखळीवर ताण वाढतो. मागचे चाक मोठे केले की तो ताण लांब दांड्याने हबाला पिळतो. म्हणून कारखानदार पुढच्या-मागच्या दातांच्या भागाकाराला खालची मर्यादा घालून देतात. रोलोफच्या हबाला पूर्वी ही मर्यादा सुमारे २.३५ होती, म्हणजे पुढे ४० तर मागे १७. अनुभवाने ती पुढे १.९ च्या आसपास आणली. तीन गिअरच्या हबांना दुप्पट, म्हणजे ४४ ला २२, ही वाट बहुधा निर्धोक असते. तरी हबासोबतचा कागद वाचून घ्यावा. यंत्रालाही सोसण्याची सीमा असते आणि ती छापून दिलेली असते. माणसाची सीमा कोणी छापून देत नाही. ती त्याने स्वतः सांगावी लागते.

ज्याच्याजवळ हब नाही, आणि आपल्यातल्या बहुतेकांजवळ तो नाही, त्याने काय करावे? त्या मिस्त्रीने मला त्याच दिवशी एक स्वस्तातला उपाय करून दिला. अठरा दातांचे फ्रीव्हील काढून बावीसचे बसवले आणि साखळीत एक जोडकडी वाढवली. पंचाहत्तरचे एकसष्ट झाले. भार जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरला. सपाटीवर दोघे-चौघे मला मागे टाकू लागले. करळगावच्या घाटात मी त्यांना सीटवर बसून गाठू लागलो. पुढे आमच्या जिनातल्या कित्येकांनी फ्रीव्हीले बदलून घेतली. आमच्या संघटनेने तोवर मजुरीसाठी, बोनससाठी झगडे केले होते. माझ्या आठवणीत या चार दातांइतका स्वस्त आणि ताबडतोब मिळालेला विजय दुसरा नाही.

या इतिहासाचा शेवट कारखान्यांच्या बाबतीत आनंदाचा नाही. हिंद सायकल्स आणि सेन-रॅली हे दोन्ही कारखाने आजारी पडले, १९८० साली संसदेने कायदा करून ते राष्ट्राच्या मालकीचे केले, आणि पुढे तेही बंद पडले. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनालाच, थांबला. खुद्द नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चरचा कारखाना २००० साली बुडाला. एका तैवानी कंपनीने तो विकत घेतला आणि यंत्रे तिकडे गेली. तिथे तो तीन गिअरचा हब नव्या रूपात अजून तयार होतो. कामगार गेले, मालक बदलले, देश बदलला. ग्रह सूर्याभोवती फिरतच आहेत.

सायकल मात्र संपलेली नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली दूरच्या शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना शासन सायकली देते. आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या मुली त्यावरून शाळेत जातात, ही या काळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. मी पाहिलेल्या त्या सायकली एकाच गिअरच्या आहेत. पुसदच्या डोंगरातली मुलगी आणि सपाटीवरच्या शहरातली मुलगी यांना एकच सायकल मिळते. तेरा वर्षांची पोर दप्तर घेऊन चढावर उतरते आणि मैत्रिणींमध्ये मान खाली घालते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे ते फ्रेंच फर्मान आपल्या टेकडीवर अजून चालू असते.

माझे मागणे मोठे नाही. सायकली घेताना शासनाने, पंचायतीने, आईबापांनी एवढे विचारावे : पुढे दात किती, मागे दात किती, आणि हिची वाट कोणती? डोंगराळ भागासाठी मागे चार दात अधिक मागावेत. जमेल तिथे तीन गिअरचा हब मागावा आणि गावच्या एका मिस्त्रीला तो खोलायला-जोडायला शिकवावे. आणि घाटात कोणी सायकल ढकलताना दिसला तर त्याच्या वयाचा हिशेब न करता त्याच्या सायकलीचे दात मोजावेत.